सौप्तिकपर्वानंतर

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत ज्या कथा आवडीने वाचल्या आणि पडद्यावर पाहिल्या जातात, त्यांत एक प्रकार विशेष रूढ झाला आहे. एखाद्या शहरात एकापाठोपाठ एक खून होत राहतात. खुनी एकच असावा अशी शंका बळावते. आणि दोन-तीन स्त्रिया, कोणी पोलीस अधिकारी तर कोणी खासगी गुप्तहेर, त्याच्या मागावर निघतात. रक्त, अंधार आणि शिवीगाळ यांची या कथांत वाण नसते. घरातील वडीलधारी मंडळी त्यांना नाके मुरडतात, आणि तरीही शेवटचे प्रकरण संपल्याखेरीज दिवा मालवीत नाहीत. या आवडीची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ती आवड आम्हांसही आहे. परंतु तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो टाळता येण्याजोगा नाही. एका माणसाचा खून हा दुसऱ्या माणसाच्या करमणुकीचा विषय व्हावा काय? आणि व्हावयाचा असेल, तर कोणत्या अटीवर?

या प्रश्नाला साहित्यशास्त्राचे एक जुने उत्तर तयार आहे. आमच्या रसशास्त्राने भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीत मानाने बसविले. लौकिक भय निराळे आणि रसरूप झालेले भय निराळे, हा भेदही त्याने शिकविला. इंग्रज निबंधकार डी क्विन्सी याने तर १८२७ मध्ये खून ही एक ललित कला मानून तिचे रसग्रहण करणारा उपरोधिक निबंधच लिहिला. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेला ‘कला की जीवन’ हा वाद मराठी वाचकांस ठाऊकच आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून दोन पिढ्या वाढल्या, पण त्यामुळे कोणी खुनी झाल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा कलेच्या बाजूने निकाल देऊन मोकळे व्हावे असे वाटते. परंतु हे उत्तर मृतदेह काल्पनिक असेल तोपर्यंतच पुरते. तो आपल्याच शहरातील, आपल्याच रस्त्यावरील घरातून बाहेर आला असेल, तर प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पुण्याला हा अनुभव आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत या शहरात दहा माणसे मारली गेली. पहिला बळी खुनी तरुणांचाच महाविद्यालयीन सोबती होता. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातील तिघे आणि १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण प्राणास मुकले. मार्च १९७७ मध्ये आणखी एका तरुणाचा बळी गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गुन्हेगार पकडले गेले. ते कोणी दरवडेखोर टोळीवाले नव्हते. टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना मृत्युदंड सुनावला, वरिष्ठ न्यायालयांनी तो कायम केला, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या कारागृहात त्याची अंमलबजावणी झाली. दरम्यानच्या त्या हिवाळ्यात पुणेकर दिवेलागणीलाच दारे लावून घेत आणि ओळखीचा आवाज ऐकल्याखेरीज कडी काढीत नसत. त्या काळाची आठवण असणारी माणसे आजही ते सांगताना आवाज खाली आणतात.

आता त्या स्मृतीत काय उरले आहे ते पाहावे. चार खुन्यांची नावे अनेकांना मुखोद्गत आहेत. आम्ही ती येथे देत नाही. न देताही वाचकांस ती आठवली असतील, आणि हाच आमचा मुद्दा आहे. त्यांच्यापैकी एकाने तुरुंगात आत्मकथन लिहिले. १९८६ मध्ये या प्रकरणावर बेतलेला चित्रपट आला, त्यात नाना पाटेकरांची भूमिका होती, आणि त्याचे नाव होते ‘माफीचा साक्षीदार’. म्हणजे मारणारा आणि मारणाऱ्याचा सोबती यांना आमच्या कथनात जागा मिळाली. मेलेल्यांच्या वाट्याला काय आले?

या मृतांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. वय पंचाऐंशीच्या पलीकडे गेलेले. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्र्यांचे हे पुत्र. वडिलांनी पातंजल महाभाष्याचे मराठी भाषांतर केले, मुलाने त्याला स्वतंत्र प्रस्तावनाखंड जोडला. काशिनाथशास्त्र्यांनी इंग्रजीत रचलेला संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, आणि व्याकरणाचा अभ्यासक आजही तो हाताशी ठेवतो. एकेका पारिभाषिक शब्दाला त्याचा नेमका अर्थ मिळवून देण्यात ज्याने आयुष्य घालविले, त्याचे नाव आज बहुतेकांना ऐकू येते ते एका हत्याकांडाच्या नावाचा उत्तरार्ध म्हणून.

हेही पुरते खरे नाही. हत्याकांडाच्या नावातील दोन आडनावे आठ जणांना सामावून घेतात असे आपण समजतो. वस्तुतः अभ्यंकरांच्या बंगल्यात जे पाच जण मारले गेले त्यांत शास्त्रीबुवा, त्यांच्या पत्नी, तरुण नात आणि नातू हे चार. पाचवी त्या घरात काम करणारी साठीची बाई होती. पहिला तरुण, शेवटचा तरुण आणि ही बाई यांना त्या नावात स्थान नाही. त्यांची नावे न्यायालयाच्या कागदपत्रांत आहेत. येथे ती छापून कोणाच्या आप्तांचे दुःख पुन्हा उघडे करावे असे आम्हांस वाटत नाही. नाव छापणे म्हणजे दखल घेणे नव्हे. परंतु दहांची गणती करताना आपण सात मोजतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही, याला काय म्हणावे?

महाभारतकारांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा मध्यरात्री पांडवांच्या शिबिरात शिरतो आणि झोपलेल्यांना ठार करतो. दोघे साथीदार बाहेर दाराशी उभे राहतात. तो आचार्यांचा मुलगा आहे, शिकलेला आहे, अडविणारे शहाणे शब्द त्याने ऐकलेले आहेत. पुढे परंपरेने त्याला सात चिरंजीवांत बसविले. ते चिरंजीवित्व म्हणजे वर नव्हे, भळभळती जखम घेऊन भटकण्याचा शाप होय, हे खरे. तथापि मारणारा अमर होतो आणि मारलेले विसरले जातात, ही जगाची रीतच त्यात नोंदली गेली आहे. व्यास मात्र तेथे थांबत नाहीत. सौप्तिकानंतर लगेच ते स्त्रीपर्व ठेवतात. स्त्रिया रणभूमीवर येतात आणि एकेका प्रेतापाशी थांबतात. जन्मभर डोळ्यांवर पट्टी बांधून राहिलेली गांधारी आता दिव्यदृष्टीने पाहते आणि कृष्णाला एकेक देह दाखविते. त्यांत तिचे पुत्र आहेत, तसाच अभिमन्यूही आहे. शत्रू आणि मित्र असा भेद तिच्या गणतीत उरत नाही. पाहून झाल्यावर ती कृष्णाला जाब विचारते: सामर्थ्य असताना तू उपेक्षा का केलीस? आणि पुढे, ज्यांचे रडणारे कोणी नव्हते त्यांचेही दहन युधिष्ठिर विदुराकडून करवितो.

स्त्री-गुप्तहेराच्या कथेचे मर्म आम्हांस येथे सापडते. स्त्री स्वभावतःच दयाळू असते, म्हणून तिने तपास केला की कथा सात्त्विक होते, असा आमचा दावा मुळीच नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात आई आणि तिच्या दोन मुली आरोपी होत्या. मुलींना २००१ मध्ये मृत्युदंड झाला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि अंमलबजावणीस झालेल्या विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे जन्मठेपेत रूपांतर केले. ज्याला हे ठाऊक आहे तो स्त्रीहृदयाविषयीची ठोकळेबाज वाक्ये लिहिणार नाही. स्त्री-गुप्तहेराचे वैशिष्ट्य हृदयात नसून तिच्या स्थानात आहे. समाजाने तिला शतकानुशतके अशा जागी उभे केले की जेथून सर्व दिसते, परंतु तेथे उभी असलेली ती कोणाला दिसत नाही. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही म्हातारी, स्वेटर विणीत बसलेली. तिच्यासमोर लोक निर्धास्तपणे बोलतात. मुंबईच्या खासगी गुप्तहेर रजनी पंडित यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, एका खुनाच्या तपासासाठी त्या संशयित स्त्रीच्या घरी कित्येक महिने मोलकरीण होऊन राहिल्या. ही युक्ती यशस्वी का होते? मोलकरणीकडे कोणी पाहत नाही म्हणून. आणि भांडारकर रस्त्यावरील त्या बाईला हत्याकांडाच्या नावात जागा का मिळाली नाही? कारण तेच. ज्या दुर्लक्षावर एकीचा तपास उभा राहिला, त्याच दुर्लक्षात दुसरीचा मृत्यू बुडाला. हे ज्या लेखिकेला किंवा लेखकाला कळले, त्याच्या कथेत स्त्रीला गुप्तहेर करण्याला अर्थ आहे. पुरुष-नायकाच्या हातातील पिस्तूल नायिकेच्या हाती देऊन तेच पाठलाग आणि त्याच मारामाऱ्या लिहिल्या, तर केवळ वेष बदलला, दृष्टी बदलली नाही.

प्रत्यक्ष जगही या दिशेने, सावकाश का होईना, सरकले आहे. किरण बेदी १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झाल्या, त्या सेवेतील त्या पहिल्या महिला. पुण्यातील हत्यासत्र सुरू झाले तेव्हा त्या गोष्टीला चारच वर्षे होत होती. पुण्याच्या पोलीस आयुक्तपदी मीरा बोरवणकर यांच्या रूपाने स्त्री येण्यास २०१० साल उजाडावे लागले. ज्या शहरात भीतीच्या काळात मुलीबाळींना प्रथम घरात बसविले जाते, तेथे रात्रीच्या बंदोबस्ताचे हुकूम एका स्त्रीने काढावेत, हा फरक लहान नाही.

येथे एक आक्षेप येईल. खुन्याचे मन जाणल्याशिवाय खून टळणार कसे? कथा त्या मनात डोकावत असेल तर ती उपकारकच नव्हे काय? मन जाणणे अवश्य आहे. न्यायाधीश, मानसशास्त्रज्ञ आणि आमच्यासारखे शिक्षक यांचे ते कर्तव्यच आहे. परंतु रहस्यकथा बहुधा मन जाणत नाही, ते सजविते. तिचा खुनी अलौकिक बुद्धीचा, कोड्यात बोलणारा, जवळजवळ कवी असतो. पुण्याच्या प्रकरणात असे काहीच आढळले नाही. पैसा आणि दागिने हवे होते, आणि साक्षीदार मागे ठेवावयाचा नव्हता. कारण एवढेच आणि इतके कोते. समोरचा माणूस आपल्याइतकाच खरा आहे हे त्या तरुणांना वाटले नाही. दार उघडणाऱ्यांना मात्र दारातले तरुण आपल्या मुलांसारखेच वाटले. आमच्या वर्गांत बसणारे, सुस्वभावी दिसणारे, चित्रे काढणारे विद्यार्थी असे करू शकतात, ही गोष्ट राक्षसाच्या कल्पनेहून कितीतरी अधिक असह्य आहे. म्हणूनच आपण कथेत राक्षस शोधतो. तो सापडला की आपली सुटका होते.

खुनाचा आरंभ शस्त्रापासून होत नाही. समोरच्या माणसाला वस्तू, अडचण किंवा आकडा समजण्यापासून होतो. जी कथा मृतदेहाला निव्वळ पहिल्या प्रकरणाची सोय समजून सारे लक्ष मारणाऱ्यावर खिळवून ठेवते, ती नकळत तीच दृष्टी वाचकाला देते. उलट जी कथा विचारते की ही बाई त्या दिवशी कोठून आली होती, तिची वाट कोण पाहत होते, तिच्या न येण्याची पहिली चुकचुक कोणाला लागली, आणि कोणी उपेक्षा केली, तिच्यात कितीही रक्त असो, ती आमच्या मते नीतीच्या बाजूची आहे. खरा तपास याच प्रश्नांतून पुढे जातो. खुन्यापर्यंत पोहोचण्याची वाट मेलेल्याच्या आयुष्यातूनच निघते.

तेव्हा अशा कथा मुलांपासून लपवाव्यात असे आम्ही म्हणत नाही. घरात त्या वाचल्या जावोत, त्यांवर चर्चाही होवो. फक्त पुस्तक मिटल्यावर किंवा पडदा काळा झाल्यावर एकमेकांना एवढे विचारावे, की यात मेले ते किती, आणि ते कोण होते. खुन्याचे नाव पटकन आठवले आणि या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, तर ती कथा सौप्तिकपर्वातच संपली असे समजावे.