किल्ली कुणाच्या हाती?

एका व्यसनमुक्ती केंद्रासाठी संचालक नेमायचा होता. आलेल्या अर्जांत एक अर्ज तिथेच पूर्वी उपचार घेतलेल्या आणि नंतर बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम केलेल्या माणसाचा होता. त्यावर एक विश्वस्त म्हणाले, "समुपदेशन ठीक आहे हो, पण संस्था चालवायची म्हणजे माणूस धडधाकट हवा." त्या बैठकीला असलेल्या एका स्नेह्याने हे सांगितलं, तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, म्हणून ते जास्तच बोचतं.

'ज्याचं जळतं त्याला कळतं' हे आपण सगळेच म्हणतो. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दारूने पोखरलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक सर्जन एकमेकांशी बोलत सावरले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली, हेही नव्याने सांगायला नको. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्याला कळतं त्याच्या हाती कारभार द्यायचा का? इथे आपले पाय अडखळतात. त्याने शाळांमधून आपली कहाणी सांगावी, रात्रपाळी करावी, नव्याने आलेल्यांची समजूत घालावी. अंदाजपत्रकावर सही मात्र दुसऱ्या कुणाची असावी.

या वाटणीच्या समर्थनार्थ एक दाखला हमखास दिला जातो. हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याला स्वतःला हृदयविकार झालेला असावा लागतो का? नाही लागत. पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण बेशुद्ध असतो आणि काम सर्जनचे हात करतात. व्यसनात किंवा मनाच्या आजारात रोज सकाळी उठून काम करायचं ते रुग्णानेच. भेटीची वेळ कोणती, फोन कधी मिळणार, दाराला कुलूप बाहेरून की आतून, पुन्हा प्यायलेल्या माणसाला परत घ्यायचं की नाही, असे नियम तिथे नुसती व्यवस्था नसतात. ते उपचारच असतात. म्हणजे संचालकाने कधी रुग्ण तपासला नाही तरी रोज सगळ्या रुग्णांवर त्याचाच उपचार चालू असतो.

म्हणून मी एक फरक पुन्हा पुन्हा मांडतो. दुःख ठाऊक असणं वेगळं आणि परस्वाधीनता ठाऊक असणं वेगळं. दुःख प्रत्येकाचं निराळं. एका दारुड्याला दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं कळतं असं मी मानत नाही. पण साबणासाठी दुसऱ्याकडे हात पसरणं, आपल्यासमोरच आपल्याबद्दल 'याला काय दिलंय?' असं तिसऱ्याला विचारलं जाणं, आपण रागावलो तर तो राग आजाराचं लक्षण म्हणून कागदावर चढणं, हे ज्याने भोगलं त्याला संस्थेच्या नियमांची आतली बाजू माहीत असते. ती कुठल्याही अभ्यासक्रमात शिकायला मिळत नाही.

आणि अशी माणसं आपल्याला वाटतं त्याहून जास्त आहेत. आत्महत्येच्या कडेला वारंवार पोहोचणाऱ्या रुग्णांसाठी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी घडवणाऱ्या मार्शा लिनेहान सतरा वर्षांच्या असताना, 1961 साली, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. तिथे त्यांना एकांत खोलीत ठेवलं होतं. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते 2011 मध्ये, त्याच रुग्णालयात. तोपर्यंत त्या जगभर मानल्या जाणाऱ्या प्राध्यापक झाल्या होत्या, तरी ते उघड बोलायला अर्धं शतक लागलं. त्या विश्वस्तांचं वाक्य किती दूरवर ऐकू जातं याचा हा पुरावा.

इथवर लिहून मी थांबलो असतो, पण चार्ल्स डेडरिक थांबू देत नाही. हाही दारूतून बाहेर आलेला माणूस. त्याने 1958 साली कॅलिफोर्नियात सिनॅनॉन ही संस्था काढली. डॉक्टर नाहीत, अधिकारी नाहीत, सगळे व्यसनातून आलेले. मी वर मागतो आहे तेच तिथे शंभर टक्के होतं. माणसाला मध्ये बसवून बाकीच्यांनी त्याच्यावर ओरडायचं, हा तिथला उपचार. पुढे डोकी भादरली गेली, मारहाण झाली आणि 1978 साली संस्थेविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत जिवंत रॅटलस्नेक ठेवण्यापर्यंत मजल गेली. आपल्याकडेही व्यसनमुक्तीच्या नावाखाली चालणाऱ्या खोल्यांमध्ये मारहाण झाल्याच्या बातम्या येत राहतात. 'मी असाच सुधारलो, तूही असाच सुधारशील' या खात्रीइतकी कठोर खात्री दुसरी नाही. प्रत्येक सासू कधीतरी सून होती. तेवढ्याने सुनांचं दुःख संपलं नाही.

म्हणजे परस्वाधीनता भोगलेला माणूसही किल्ली हाती आली की ती तशीच फिरवू शकतो. मग करुणा येते कुठून?

थोडं आडवळण घेतो, कारण डॉ. विद्यासागर यांच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही. 1950 च्या दशकात ते अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. खाटा कमी, माणसं फार. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहायला बोलावलं. नातेवाईक तिथे राहून शुश्रूषा शिकले, आजाराबद्दलची भीती त्यांनी तिथेच टाकली आणि माणूस घरी न्यायला तयार झाले. पुढे वेल्लोरला कुटुंबासह राहण्याचे कक्ष झाले. यात मला सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते, की बाहेरची माणसं दिवसरात्र आत राहू लागली आणि रुग्णालयाला काही लपवायला जागा उरली नाही.

अशीच दुसरी व्यक्ती म्हणजे डॉ. अनिता अवचट. येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 1986 साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्यामागे अनिल अवचटांचं लेखन होतं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची मदत होती. अनिताताई मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांना स्वतःला व्यसन नव्हतं. माझ्या सुरुवातीच्या कसोटीवर त्या उतरत नाहीत. पण गर्द आणि दारूतून बाहेर पडलेली माणसं तिथे समुपदेशक झाली, कार्यकर्ते झाली. डेडरिककडे अनुभव होता, पण त्याला 'हे चुकतंय' म्हणणारा कुणी उरला नाही. अनिताताईंकडे तो अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी तो ज्यांच्याकडे होता त्यांना जवळ बसवलं.

तेव्हा संचालक कधीकाळी रुग्ण होता की नव्हता, यावर आता मी अडून बसणार नाही. रुग्ण असणं ही नेमणुकीच्या आड येणारी गोष्ट नाही, एवढं त्या विश्वस्तांना सांगेन. पण ती पुरेशी पात्रताही नाही. संचालकाचा नियम मोडून काढण्याचा अधिकार आजच्या आणि कालच्या रुग्णांना आहे का, हे आधी विचारायला हवं.

आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे अर्धंच मानलं आहे. केंद्रीय प्राधिकरणात आजारी असलेल्या किंवा आजारातून गेलेल्या माणसांच्या प्रतिनिधींसाठी दोन स्वतंत्र जागा आहेत. पण प्रत्यक्ष रुग्णाची तक्रार ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळात तशा नाहीत. तिथल्या दोन जागांवर रुग्ण, काळजीवाहू नातेवाईक किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, यांपैकी कुणीही चालतो. नातेवाइकांच्या अनुभवाचं मोल मी कमी करत नाही. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणातूनच उभी केली. पण मंडळापुढे येणारा वाद बऱ्याचदा रुग्ण आणि त्याला दाखल करणारं घर यांच्यातलाच असतो. तिथे घरच्यांनी रुग्णाच्या वतीने बसणं न्याय्य नाही. प्रत्येक मंडळात किमान एक जागा स्वतः या आजारातून गेलेल्या व्यक्तीसाठी राखून ठेवावी. आणि कायदा बदलेपर्यंत, जे कुणी आज एखाद्या केंद्राचे विश्वस्त असतील त्यांनी आपल्या मंडळावर अशी दोन माणसं घ्यावीत, मतदानाच्या हक्कासह.