बांधावरून दिसत नाही

पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे कणीस आपण मीठ-लिंबू चोळून आवडीने खातो. परळ-लालबागच्या कितीतरी स्वयंपाकघरांत सोयाबीनचे तेल येते. त्या कणसामागे आणि त्या तेलामागे पिकात वाकून अळ्या मोजणारा कुणी असतो, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही. त्याच्या कामाचा विचार करताना आमच्यापुढे एक जुना नैतिक प्रश्न नव्याने उभा राहिला : वाईट नजरेस पडले, की त्यावर केव्हा तुटून पडावे आणि केव्हा थांबावे?

२००८ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी मोठे संकट आणले. त्यानंतर २००९ पासून राज्याच्या कृषी खात्याने ‘क्रॉपसॅप’ हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. सर्वेक्षक ठरावीक शेतांत नियमाने जातात, पाने उलटून पाहतात, अळ्या मोजतात. त्या नोंदींवरून कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञ सल्ला देतात. मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात मक्यावर प्रथम आढळली. ती पोंग्यात दडून बसते. बांधावरून पीक हिरवेगारच भासते. म्हणून कडेच्या ओळी सोडून आत शिरावे, नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबून झाडे तपासावीत, अशी रीत आहे.

आणि अळी सापडली म्हणून लगेच फवारा उचलायचा नसतो. सोयाबीनच्या एक मीटर ओळीत तीन-चार अळ्या भरेपर्यंत थांबावे, असे शास्त्र सांगते. विषाने अळीबरोबर तिला खाणारे मित्रकीटकही मरतात. कित्येकदा पावसाळी हवेत बुरशी लागून अळ्या आपोआप पांढऱ्या पडून मरतात. मत्तयलिखित शुभवर्तमानातील शेतधनीही निदण उपटायला निघालेल्या चाकरांना थांबवतो, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल.

आम्ही स्वतः मात्र एकदा बांधावरूनच निवाडा केला होता. धर्मग्रामातील एका तरुणाने रविवारच्या मिस्सेला येणे सोडले. उनाडक्या करतो, असे कानावर आले. आम्ही प्रवचनात नाव न घेता, पण साऱ्यांना उमजेल अशा शब्दांत त्याचा समाचार घेतला. पुढे कळले, की त्याचे वडील परळच्या एका इस्पितळात होते आणि तो रात्रंदिवस त्यांच्या उशाशी होता. आम्ही क्षमा मागायला गेलो. तो एवढेच म्हणाला, “फादर, आधी एकदा घरी आला असता तर!” त्याची आई आजही मिस्सेला येते, तो येत नाही.

मग दुष्टपणाकडे काणाडोळा करावा काय? मुळीच नव्हे. सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग दिसला, की ते झाड तत्काळ उपटून नष्ट करायचे असते. नाहीतर पांढरी माशी तो रोग शेतभर पसरवते. जिथे बालकाला इजा होते, जिथे घरात स्त्रीवर हात उचलला जातो, तिथे वाट पाहणे हेच पाप होय. दोषी आम्हा धर्मगुरूंपैकी असला तरीही. परंतु हा रोग की ती अळी, हेदेखील जवळ जाऊन पाहिल्यावाचून कळत नाही. थांबणे आणि दुर्लक्ष करणे यांतले अंतर नेमके एवढेच आहे : थांबणारा पुन्हा पाहायला जातो.

सहनशीलतेचे हे माप आपण बहुधा उलटे वापरतो. स्वतःच्या शेतात शंभर अळ्या असल्या तरी चालतात. शेजाऱ्याच्या शेतात एक दिसली की विषाचा डबा हाती घेतो. संत इग्नाशियस यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाचा जो परिपाठ घालून दिला, त्यात पाने उलटायची ती आपल्याच पिकाची. शेजाऱ्याच्या बाबतीत मात्र आधी पायी जाणे आले.

वाचकहो, एखादे कुटुंब मंदिरात दिसेनासे झाले, तर त्याविषयी बोलण्यापूर्वी त्यांच्या चाळीचा जिना एकदा चढून या. आम्हीही आता तसेच करतो. गुडघे दुखतात खरे. पण जिभेने केलेल्या दुखापतीपेक्षा ते दुखणे पुष्कळ सोसवते.