आजचा दाणा

लोधीखेड्याबाहेर, सौसरच्या रस्त्याला, एका तरण्या पोराचा दीडशे कोंबड्यांचा शेड होता. सोयाबीनची ढेप महागली, तसा त्याचा डोळा म्हशीच्या घमेल्याकडे गेला. हा कापसाचा मुलूख, सरकीची ढेप घरात पडलेलीच असायची. मूठमूठ करता करता कोंबड्यांच्या दाण्यात बरीच सरकी मिसळू लागली.

"काहून रे, कोंबड्याइले सरकी चारून राहिला?" आजीनं ओट्यावरून विचारलं.

"म्हशीले चालते, त कोंबडीले कायले नाही चालन?"

"म्हशीचं लोणी पाह्यलं नाही तू? सरकी दिली का गोट्यावानी होते. जवस दिला का बोटाले चिकटते. खाल्लं ते कुठं तरी निघतेच, बावा."

नातवानं आठ दिवसांनी मुद्दाम अंडं फोडून आजीला दाखवलं. पांढरं पांढरं, पिवळं पिवळं. आजी काही बोलली नाही. त्याच आठवड्यात पाहुणे आले म्हणून एक कोंबडी कापली, तेव्हा तिनं नातवाला हाक मारून परातीत बोट दाखवलं. कोंबडीच्या पोटात बलकांचा घोस होता. एक पुरता मोठा, त्याच्यामागे जरा लहान, मग बोराएवढा, मग वाटाण्याएवढा, आणि शेवटी मोहरीसारखे पांढुरके असंख्य ठिपके.

"हे उद्याचं. हे परवाचं. हे तेरवाचं," आजी मोजत गेली. "आजचा दाणा उद्याच्या अंड्यात नाही जात. थोडा थोडा साऱ्याइत जाते."

आजीनं शाळा पाहिली नव्हती, पण हिशेब बिनचूक होता. अंड्यातली पाचेक ग्रॅम चरबी जवळजवळ सगळी बलकातच असते. ती कोंबडीच्या यकृतात तयार होते, रक्तातून अंडाशयात येते, आणि एकेक बलक शेवटच्या दहाएक दिवसांत झपाट्यानं भरतो. खाद्य बदललं की त्याची खूण हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते.

दोन महिने उलटले. नागपूरची मामी तीस अंड्यांचा ट्रे घेऊन गेली होती. लेकीच्या बाळंतपणासाठी तिला पुण्याला जावं लागलं आणि ट्रे फ्रिजमध्ये राहिला. दीड महिन्यानं परतून तिनं अंडं फोडलं ते कढईत गुलाबी पसरलं. बलक रबराच्या चेंडूसारखा घट्ट, रंगानं शेवाळी. मामीनं फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "काय आहे रे हे?"

पोरगा फोटो घेऊन गुरांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर हसले. "कॅलिफोर्नियात 1933 साली हाच घोळ उलगडला होता. सरकीच्या तेलात एक आम्ल असतं, ते कोंबडीच्या अंगात घट्ट चरबी पातळ करणारी कळच अडवतं. मग बलक मेणासारखा होतो. त्याचं आवरण पाझरतं, आतलं लोह पांढऱ्यात उतरतं आणि पांढरं गुलाबी होतं. शेवाळी रंग सरकीतल्या गॉसिपॉलचा."

"म्हणजे जवस चारला तर?"

"तर बलकात ओमेगा-3 वाढेल. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त तेच असतं. फार घातला तर अंड्याला मासळीचा वास येईल, एवढं सांभाळा."

"आन कोलेस्टेरॉल कमी होईल? डब्यावर लिहितो तसं."

"ते लिहू नका. एका अंड्यात दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं आणि खाद्य बदलून ते फारसं हलत नाही. पिल्लाला लागतं ना ते! कोंबडी एक वेळ अंडी कमी करेल, पण त्यात काटकसर करणार नाही."

घरी येताच त्यानं ढेप म्हशीपुढे ओतली. पण डॉक्टरांनी निघताना आणखी एक सांगितलं होतं. अंगच्या चरबीत मुरलेलं झिरपत राहतं, तीनेक आठवडे धरून चाला. आणि ताजी अंडी फोडली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हे शेवटचं वाक्य पोराच्या डोक्यात रात्रभर फिरत राहिलं. शेडात रोज शंभरावर अंडी जमत होती आणि बाहेरून सगळी सारखीच दिसत होती. सकाळी पाहतो तर आजीनं शेडाच्या भिंतीवर कोळशानं एकवीस रेघा ओढून ठेवल्या होत्या आणि पहिलीवर फुली मारली होती. बोलली काहीच नाही.

आठवडी बाजारात त्यानं टोपली मांडली. भाव दोन रुपये कमी लावला.

"आज सस्ते कसे?" एका बाईनं विचारलं.

"ताजेच खायचे, काकू. दोन-तीन दिवसांत संपवा. ठेवायचे नाही."

"ठेवले त काय होते?"

पोरानं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या गाड्यावर संत्री रचली जात होती आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला, मामीनं पाठवलेला फोटो शोधला आणि बाईपुढे धरला.

बाई बराच वेळ त्या गुलाबी अंड्याकडे पाहत राहिली. डझन घ्यायला आली होती. तिनं सहा निवडली.