शेवटच्या बांधीचं पाणी

सिंदेवाही तालुका धानाचा. जंगलाच्या कडेला गाव, गावाला जुना मालगुजारी (मामा) तलाव, तलावाखाली बांध्या. अशाच एका गावात एक बुढी राहत होती. नवरा ऐन उमेदीत गेला. लोकांच्या बांध्यांत रोवणी करून, उन्हाळ्यात मोहफुलं वेचून आणि तेंदूपत्ता तोडून तिनं एकुलता एक मुलगा वाढवला. नवऱ्यामागे नावावर आलेली दोन एकर जमीन तिनं कितीही अडचण आली तरी विकली नाही.

वय झालं तसा मुलगा म्हणाला, "माय, आता शेती माझ्या नावावर करून दे. सोसायटीचं कर्ज काढायला सोपं जाईल." बुढीनं सिंदेवाहीला जाऊन बक्षीसपत्र करून दिलं.

मग घर हळूहळू बदललं. तिची बाज सपरीतून गोठ्यालगत गेली. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर उरेल ते तिच्या ताटात येऊ लागलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, पण दवाखान्याला मुहूर्त मिळेना. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये तिच्या अंगठ्यावर निघत आणि मुलाच्या खिशात जात. शेजारीण बोलली की उत्तर ठरलेलं होतं, "आमच्या घरातली गोष्ट आहे." गावही गप्प राहिलं.

एका वर्षी पाऊस लवकर उघडला. धान गर्भात होतं आणि बांध्या भेगाळू लागल्या. तलावाचं पाणी वाटण्यासाठी ग्रामसभा बसली. वरच्या बांध्यांची पाळी आधी यायची. मुलाची बांधी अगदी शेवटची, म्हणून तो तावातावानं उठला.

"तलाव साऱ्या गावाचा आहे. वरच्यांचं भरून उरलं तर मला, हे चालणार नाही. मी भीक मागत नाही, हक्काचं पाणी मागतो!"

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागे बायकांत बसलेली बुढी काठी टेकत उभी राहिली.

"बापू, खरं बोललास. आता माझंही ऐक गा. या तलावाची पाळ फुटली तेव्हा मी डोक्यावर माती वाहिली. ती बांधी मीच राखली. तरी तुझ्या घरात सगळ्यांचं भरून उरलं, तरच माझं ताट वाढलं जाते. बांधीला हक्काचं पाणी आहे, मग मायला हक्काचा भात नाही काय?"

मुलगा पुटपुटला, "हे घरातलं आहे."

"नाही भाऊ," सरपंचबाई म्हणाल्या. "माय उपाशी राहिली तर ती गावाची गोष्ट आहे." त्यांनी बक्षीसपत्र मागवून मोठ्यानं वाचलं. त्यात लिहिलं होतं, की मुलगा आईचं अन्नपाणी आणि औषधपाणी पाहील. मग त्यांनी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा समजावला. आईला उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून मिळू शकतो. सांभाळाच्या अटीवर करून दिलेलं बक्षीसपत्र, अट मोडली तर, रद्दही करून घेता येतं. ही जबाबदारी मुलाइतकीच मुलीचीही आहे.

कोपऱ्यातली एक निपुत्रिक विधवा म्हणाली, "मला तर कोणीच नाही."

"तुमची मिळकत ज्या नातलगाला मिळणार, त्यानं तुम्हाला सांभाळायचं," सरपंचबाई म्हणाल्या. "आणि ज्या बाईकडे मिळकतही नाही, तिच्यासाठी आपण साऱ्यांनी उभं राहायचं."

मुलानं मान खाली घातली. "चुकलो, माय. जमीन परत घे."

"जमीन नको मला," बुढी म्हणाली. "घरात माझी जागा दे."

तिची बाज पुन्हा सपरीत आली आणि पासबुक तिच्या हाती आलं. महिन्याभरात डोळ्याचं ऑपरेशन झालं. ग्रामसभेनं दोन ठराव केले. एक, त्या वर्षी पाणी खालच्या टोकापासून सोडायचं. दुसरा, प्रत्येक सभेत म्हाताऱ्या बायकांना आधी बोलू द्यायचं, आणि एकट्या राहणाऱ्यांची विचारपूस बचत गटानं करायची.

तात्पर्य : म्हाताऱ्या बाईचा सांभाळ हा कुणाचा उपकार नाही, तो तिचा हक्क आहे. घर तो देत नसेल, तर मिळवून देणं गावाचं कर्तव्य आहे. आणि मायबहिणींनो, जमीन नावावर करून देताना सांभाळाची अट कागदावर लिहून घ्या.