‘का’ची ओळ

ज्या कामासाठी आपल्याला बोलावले, तेवढेच करावे आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवावे, हा सभ्यपणाचा साधा नियम आहे. संगणकाच्या प्रोग्रामलाही तो लागू करावा काय, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर पडतो.

कॉन्फिगरेशन फाइल म्हणजे प्रोग्रामने कसे वागावे, याची लेखी सूचनावही. उत्तराची वाट 30 सेकंद पाहावी, अशा सूचना तीत ओळीओळीने असतात. पण काही ओळींच्या आरंभी ‘#’ अशी खूण असते. त्या ओळी माणसाने माणसासाठी लिहिलेल्या टिपा: ‘हा आकडा कमी करू नये, पलीकडचे यंत्र रात्री सावकाश चालते.’ आकडा ‘काय’ ते सांगतो. टीप ‘का’ ते सांगते.

आता प्रोग्रामलाच या वहीतला एखादा आकडा बदलायचा असला, की तो पुष्कळदा आपल्या उपयोगाचे तेवढे स्मरणात घेतो आणि स्मरणातून सारी वही नव्याने लिहून काढतो. टिपा त्याने स्मरणात घेतलेल्याच नसतात. नव्या प्रतीत त्या येणार कोठून? पायथॉन भाषेतील ‘कॉन्फिगपार्सर’ असाच वागतो, आणि त्याच्या माहितीत तसे प्रांजळपणे लिहिलेही आहे. दिवाळीच्या साफसफाईत निरक्षर गड्याने आजीची चिठ्ठी रद्दीत टाकावी, तसला हा प्रकार!

प्रोग्रामची बाजूही ऐकली पाहिजे. ‘जेसॉन’ या लोकप्रिय मांडणीतून डग्लस क्रॉकफर्ड यांनी टिपा मुद्दाम वगळल्या. लोक टिपांच्या आडून प्रोग्रामला हुकूम देऊ लागले होते आणि त्यामुळे निरनिराळ्या प्रोग्रामांतील मेळ बिघडला असता, असे कारण त्यांनी 2012 साली सांगितले. ते खोटे नव्हे. शिवाय टिपा, मोकळ्या जागा आणि ओळींचा क्रम सांभाळून नेमका एकच आकडा बदलणे कष्टाचे आहे. पण अशक्य नाही. 2005 साली जन्मलेला ‘गिट’ आपल्या फाइलीतील एक नोंद बदलताना भोवतालच्या टिपा राहू देतो. ज्याला हे कष्ट नको असतील, त्याने आपले बदल वेगळ्या फाइलीत लिहावेत. माणसाच्या वहीला हात लावू नये.

टीप पुसली, तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. आकडा तोच असतो, काम सुरळीत चालते. टीप लिहिणारा मात्र पुढे त्या खुर्चीवर राहत नाही. मग काही वर्षांनी एखाद्या होतकरू मुलीला तो आकडा विनाकारण मोठा वाटतो आणि ती तो कमी करते. रात्री काम अडते आणि दोष तिच्या माथी येतो. ‘का’ कोणी पुसले, हे तेव्हा कोणाला आठवत नाही.

आपल्याला वाचता येत नाही ते निरर्थक, ही समजूत काही यंत्रापुरतीच नाही. बदलाचा अधिकार मिळाला म्हणजे पुसण्याचाही मिळाला, असे मानणारी माणसे आपण घरोघरी आणि कचेरीकचेरीत पाहतो. जे आपल्यासाठी लिहिलेले नाही, ते ज्याच्यासाठी लिहिले आहे त्याच्या हाती सुखरूप पोचवणे, यातच सेवकाचे इमान आहे. मग तो सेवक हाडामांसाचा असो वा नसो.