हांक कोणत्या नांवाची?

नांव ज्याचें असतें तोच तें सर्वांत कमी वापरतो. वापरतात ते इतर. म्हणून नांवावर सत्ता कोणाची, तें धारण करणाऱ्याची कीं हांक मारणाऱ्याची, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

पुंडलिकनगरच्या एखाद्या गल्लींत सून म्हणून आलेल्या स्त्रीचेंच उदाहरण घेऊं. माहेरीं तिचें एक नांव. लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर नवऱ्यानें अंगठीनें लिहिलें तें दुसरें. शेजारीं ती अमक्याची आई. आणि सरकारदरबारीं यांपैकीं कोणतें चढलें असेल तें कागद पाहिल्यावांचून सांगवत नाहीं. शेजारीण आदरानें सासरचें नांव घेते. हिला वाटतें, आपलें अर्धें आयुष्य हिनें पुसलें. उलट माहेरचें नांव घ्यावें, तर कित्येकींस ती फाजील सलगी वाटते. दोघींच्याहि मनांत वाईट कांहीं नसतें, तरी अबोला पडतो.

१८६५ सालीं जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी घेतली ती आनंदीबाई जोशी या नांवानें. रमाबाई रानडे याहि जन्मानें यमुनाच. गोदूबाई जोशी १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या, आणि ओळखल्या गेल्या 'बाया' म्हणून. या बायकांस विचारतें कोणी, तर त्यांनीं कदाचित् नवेंच नांव पसंत केलें असतें. त्यांच्या वतीनें आम्ही तें ठरवीत नाहीं. विचारावें अशी रूढीच नव्हती, एवढेंच आम्हांस खटकतें.

नांव म्हणजे केवळ खूण, असें कित्येक म्हणतात. निदान या शहरांत तरी तसें कोणी म्हणूं नये. १६१० सालीं मलिक अंबरानें वसविलेली खडकी पुढें फतेहनगर, मग औरंगाबाद आणि २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झाली. येथील मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें १९७८ सालीं केला. तें नांव प्रत्यक्ष लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावें लागलें, आणि मधल्या काळांत दलितांचीं घरें जळलीं, माणसें मेलीं. नांवाची एवढी किंमत ज्या प्रांतानें मोजली, तेथें घरांतल्या बाईस तिचें नांव विचारण्याची आठवण राहूं नये, याचें नवल वाटतें.

हांकेचें आणि लेखणीचें प्रकरण मात्र एक नव्हे. आईनें 'बबड्या' म्हटलें तर चाळिशीच्या गृहस्थानेंहि ओ द्यावी. त्या हांकेवर मालकी तिची. परंतु पासबुकांत किंवा दारावरच्या पाटीवर शेवटचा शब्द ज्याचें नांव त्याचाच हवा. २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें मुलाच्या शासकीय कागदपत्रांत आईचें नांव घालणें आवश्यक केलें, हें उत्तम झालें. पण आईचें कोणतें नांव?

तेंहि तिनेंच सांगितलें पाहिजे. भिडेनें ती गप्प राहते, आणि ऐकणारे त्या मौनास संमति समजून पिढ्यान् पिढ्या तसेंच बोलावीत राहतात. 'तुम्हांस काय म्हणूं?' हा प्रश्न आपल्याकडे परकेपणाचा मानतात. नवी सून माप ओलांडून आंत आल्यावर सासूनेंच तो विचारला, तर त्यांत परकें काय आहे?