वारीतला निरोप

ज्येष्ठ सरत आला की नवी मुंबईतल्या काही वस्त्यांमधली घरं रिकामी होऊ लागतात. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथली सातारा-सांगलीकडची माथाडी कुटुंबं, आणि सिडकोनं शहर वसवण्याआधीपासून या खाडीकाठी राहणाऱ्या आगरी-कोळी गावांतली भजनी मंडळी आळंदी-देहूची वाट धरतात. याच शहरात ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात देशातली काही मोठी डेटा सेंटरं आहेत, आणि जिओचा कारभार चालतो ते संकुलही घणसोलीतच आहे. त्यामुळे पायी वारीला निघालेल्या माणसानं इंटरनेटशी जोडलेलं राहावं की नाही, हा प्रश्न इथे घरोघरी निघतो. त्यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एका बाजूचं म्हणणं असं, की वारी म्हणजे सगळं मागे ठेवून जाणं, तेव्हा फोनही घरीच ठेवावा. दुसरी बाजू म्हणते, काळ बदलला, आता असंच चालायचं. दोन्ही उत्तरांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: फोन येण्यापूर्वीचा वारकरी जगापासून तुटलेला होता. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. वारीची स्वतःची निरोपव्यवस्था होती आणि आजही आहे. फोनचा विचार करायचा तर तो त्या व्यवस्थेच्या अंगानं करायला हवा.

वारकरी संप्रदाय संसारी माणसांचा आहे. गळ्यात माळ घालणाऱ्याला घर सोडायला तो सांगत नाही. शेत पेरून, गुरांची सोय लावून, पोरंबाळं कुणाच्या तरी हवाली करून आषाढीला येऊन जा, एवढंच सांगतो. असा माणूस जवळजवळ तीन आठवडे, सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो, तेव्हा मागचं घर त्याच्या मनातून जात नाही आणि जावं अशी अपेक्षाही नसते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतरावबाबा यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीला आजची शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार होते, आणि त्या शिस्तीत लष्करी तळाची आखणी स्पष्ट दिसते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो. रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे, ही जागा ठरलेली असते. लाखोंच्या गर्दीत ‘रथामागे अमुक नंबर’ एवढं सांगितलं की माणूस सापडतो. घराचा पत्ता सुटला तरी वाटेवरचा पत्ता त्याला मिळालेला असतो. संध्याकाळी तळावर पालखीभोवती दिंड्या उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंगाचा तो प्रचंड आवाज एकदम थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन म्हणणं ऐकून घेतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते. समाजआरती म्हणतात ती हीच. दिवसभराचे सगळे निरोप एका ठिकाणी, एका वेळी, सगळ्यांच्या समोर.

घर आणि वाट यांच्यातला धागाही असाच ठरीव होता. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी, हे ज्ञानेश्वरांच्या पालखीचे मुक्काम तिथींना बांधलेले. गावी राहिलेल्या माणसाला पंचांग पाहून कळायचं की आज आपली आई लोणंदला असेल, उद्या तरडगावला. १८७९ मध्ये भारतात पोस्टकार्ड आल्यावर अक्षरओळख असलेल्यांना आणखी एक सोय झाली. तरी त्या काळाला सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही, कारण खबर न कळण्याची किंमत मोठी असू शकते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. त्या वर्षीची आषाढी जुलैच्या उत्तरार्धात होती, म्हणजे पुणं मागे टाकून पालखी तेव्हा वाटेवर होती. दि. बा. मोकाशी त्याच वर्षी वारीत चालले होते. त्यातूनच त्यांचं ‘पालखी’ हे पुस्तक आलं. पुण्यात घर असलेल्या वारकऱ्याला त्या दिवशी, आपलं माणूस जिवंत आहे का, एवढंच कळायला हवं होतं, आणि ते कळवू शकेल असं साधन त्याच्या हाती नव्हतं. वारीत फोन नकोच म्हणणाऱ्यांनी हा दिवस विसरू नये.

नंतरचे बदल झपाट्यानं झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वाटेवरच्या गावांत पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. १९९५ मध्ये देशात मोबाइल सेवा सुरू झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत फोन साध्या घरांत पोचला. तेव्हा पैसे वाचवायची सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती म्हणजे मिस्ड कॉल. मुक्कामी पोचलो की एक रिंग द्यायची, घरच्यांनी उचलायचा नाही. या टप्प्यापर्यंत वारीच्या घडणीत काही बिघडलं नव्हतं असं माझं मत आहे. निरोपाची वेळ मुक्कामाचीच राहिली होती. दिवसभराची वाट भजनाची होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटा कमालीचा स्वस्त झाला, आणि निरोपाची जात बदलली. निरोप संपतो. इंटरनेटवरची हजेरी संपत नाही. चालण्याची वेळही आता कुणालाही मागता येण्याजोगी झाली: बहिणीला व्हिडिओ कॉलवर रिंगण पाहायचं असतं, सोसायटीच्या ग्रुपला फोटो हवे असतात, ऑफिसला फाइल हवी असते.

इथे वारीच्या बांधणीकडे नीट पाहायला हवं. जगातल्या दुसऱ्या पायी यात्रांमध्येही हा वाद आहे. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर किंवा जपानच्या शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या वाटेवर अनेक जण एकटे किंवा दोघे-तिघे चालतात. तिथली तक्रार अशी असते की फोन एकांत मोडतो. आपल्याकडे काहींनी तीच तक्रार उचलली, पण वारीत एकांत असतोच कुठे? दिंडीत पुढे पताका, मागे टाळकऱ्यांच्या ओळी, मधे मृदंग, विणेकरी, त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. सकाळी भूपाळ्या, मग त्या-त्या वाराचे अभंग, पुढे हरिपाठ, असा क्रम लागलेला. टाळकऱ्याचे दोन्ही हात टाळात असतात. तुळस घेतलेल्या बाईचा एक हात वृंदावनाला असतो आणि नजर पायाखाली. फोनला हात लागतो आणि डोळेही लागतात. ओळीतल्या एकानं टाळ गळ्यात टाकून फोन काढला की अभंगाचं ध्रुपद उचलणारा एक गळा कमी होतो, पाऊलीची ओळ वाकडी होते, शेजारचाही वळून पाहतो. वारीत फोन तोडतो ती संगत, आणि संगतीशिवाय वारी म्हणजे अडीचशे किलोमीटरची पायपीट.

यावर कुणी म्हणेल, की हीच संगत घरी बसलेल्यांपर्यंत नेणं हे पुण्यकर्म आहे. ते मला मान्य आहे. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या गेल्या आणि लाखो घरांनी आषाढी पडद्यावर पाहिली. गुडघे गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या वारकऱ्यांना तेव्हा दर्शन मिळालं आणि तेव्हापासून दर वर्षी मिळतं. पण दर्शन घरी पोचलं तरी चालणं पोचलं नाही, हेही त्याच दोन वर्षांनी दाखवलं. २०२२ मध्ये वाट खुली झाल्यावर माणसं पुन्हा लाखांनी उतरली, ती काही चित्रीकरण कमी पडलं म्हणून नव्हे. शिवाय दाखवण्याचं काम सगळ्यांनी करण्याची गरज नसते. ‘फेसबुक दिंडी’सारखा उपक्रम २०११ पासून ते करत आला आहे. वीणा जशी पाळीपाळीनं एकाच्या गळ्यात असते, तसं चित्रीकरणही दिंडीनं एखाद्याकडे सोपवावं. बाकीच्यांचे हात मोकळे राहतील.

याहून वजनदार आक्षेप बायकांच्या बाजूनं येतो. जिला सासू-नवरा पूर्वी एकटीला पाठवत नव्हते, ती सून आज खिशातल्या फोनच्या जोरावर वारीला जाते. रात्री तंबूबाहेर जाताना तो तिच्या हातात हवा. तिला फोन ठेवून ये म्हणणं म्हणजे वारीच ठेवून ये म्हणणं. हा आक्षेप मी पूर्ण मानतो, आणि फोन सोबत असू नये असं माझं म्हणणं नाहीच. मात्र फक्त फोनवर भिस्त ठेवण्यातला धोका तिनं आणि तिच्या दिंडीनं ओळखावा. वाल्ह्यासारख्या गावातले टॉवर गावापुरते असतात; तिथे लाखो माणसं उतरली की फिरते टॉवर आणूनही कॉल लागत नाहीत. पंढरपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत लाखभरच होती, आणि एकादशीला तिथे त्याच्या कितीतरी पट माणूस असतो. दिवस उतरेपर्यंत बॅटरी जाते, चार्जिंगसाठी ट्रकजवळ रांग लागते. अशा वेळी चुकलेल्या म्हातारीला दिंडीचा नंबर पाठ असणं आणि तिचं नाव चोपदाराकडे पोचणं, हेच कामाला येतं.

आणखी एक आक्षेप माझ्या मांडणीच्या मुळाशी जातो. मी दिंडीच्या संगतीला एवढं वजन देतो, पण ती संगत तरी सर्वांना सारखी खुली होती का? नव्हती. इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिताना जातीनिहाय वेगळ्या चालणाऱ्या, वेगळ्या जेवणाऱ्या दिंड्यांची बोच नोंदवली आहे. आज एखादा तरुण फोनवरून आपल्या जातीबाहेरच्या दिंडीतल्या मित्राशी जोडला जात असेल, त्याच्यासोबत चालत असेल, तर त्या जोडणीनं दिंडीला जे जमलं नाही ते केलं. एवढं कबूल करूनही मला वाटतं, की तो मित्र भेटल्यावर फोन खिशात जायला हवा आणि दोघांनी एका ओळीत टाळ धरायला हवा. जातीची भिंत पडायची ती तिथेच पडेल.

उरतो तो महाप्याच्या एखाद्या कंपनीतला नोकरदार. तो म्हणतो, कामाचे फोन घेतले नाहीत तर रजाच मिळणार नाही, मग वारी कसली? त्यानं फोन घेऊन तीन दिवस तरी चालावं. घरी बसण्यापेक्षा ते बरंच. पण त्याच्या या प्रश्नाचं उत्तर वारीनं द्यायचं नाही. तुर्भ्याच्या बाजारात माथाडी टोळीनं काम करतात, आणि टोळीतला एक गडी आषाढीला गेला की त्याच्या वाटणीचं ओझं बाकीचे उचलतात. पोत्यांचा हिशेब त्याला वाटेवर कुणी विचारत नाही. खाडीच्या याच काठावर, दोन-चार स्टेशनं पलीकडे, शिकल्या-सवरल्या लोकांची कचेरी आपल्या माणसाला एवढी मोकळीक का देऊ शकत नाही, हे त्या कचेरीला विचारायला हवं, आणि रजेचा अर्ज देतानाच विचारायला हवं.